थोरला लग्नाला आला होता

गावात फोटोग्राफर म्हणून नाव व्हायचं असेल तर नुसते चांगले फोटो काढून भागत नाही. चांगले फोटो सगळेच काढतात, निदान पाटीवर तसं लिहितात. मास्तरांच्या पाटीवरही तेच लिहिलेलं होतं, आणि पहिली काही वर्षं मास्तर त्या पाटीखाली बसून माशा मारत होते. ओळखपत्रापुरती माणसं यायची, दोन्ही कान दिसतील अशी ताठ बसायची आणि उठून जायची. लग्नं, वाढदिवस, दुकानांची उद्घाटनं अशी मानाची कामं बाजाराच्या पलीकडच्या टोकाला असलेल्या मोठ्या स्टुडिओकडे जायची. तिकडे फार गर्दी असली तरच एखाद्याला मास्तरांची आठवण व्हायची.

तेव्हा त्यांना कुणी मास्तर म्हणत नव्हतं. ते नाव एका शाळेच्या फोटोवरून पडलं. वर्गाचा फोटो होता त्या दिवशी एक मुलगी तापानं घरी राहिली, आणि फोटो वाटले गेल्यावर तिनं रडून असं काही घर डोक्यावर घेतलं, की तिची आई मुख्याध्यापिकेकडे गेली आणि मुख्याध्यापिका मास्तरांकडे आल्या. अख्खा वर्ग पुन्हा उभा करणं काही शक्य नव्हतं. मास्तरांनी मुलीला त्याच पायऱ्यांवर, त्याच वेळच्या उन्हात एकटीला उभं करून तिचा फोटो घेतला आणि घरी बसून तिला वर्गात नेऊन ठेवलं. काम इतकं बेमालूम झालं की मुख्याध्यापिका चष्मा पुसपुसून शोधत राहिल्या आणि शेवटी म्हणाल्या, तुम्ही तर हजेरीच लावलीत की हिची, मास्तर. शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला आणि नाव चिकटलं ते चिकटलं.

तिथून त्यांची गाडी रुळावर आली. गैरहजर माणसांचा गावात तुटवडा नव्हता. कुणाचा मुलगा परदेशात, कुणाचा नवरा बोटीवर, तर कुणाचे दोन मुलगे एकमेकांचं तोंड बघत नाहीत आणि आईला मात्र दोघं एकाच फोटोत हवेत. गेलेली माणसं तर होतीच. मास्तर सगळ्यांना आणायचे. असे फोटो मोठा स्टुडिओही करून द्यायचा, पण त्यांची आणलेली माणसं भिंतीला चिकटवल्यासारखी दिसायची. मास्तरांची रीतच वेगळी होती. ते फोटो काढतानाच जागा सोडायला लावायचे. "इथे तुमचे वडील," असं म्हणून दोघांना बाजूला सरकवायचे आणि शेजारच्याला हात हवेत धरायला सांगायचे, खांद्याच्या उंचीवर. मग त्या जागी स्वतः उभे राहून एक फोटो काढून घ्यायचे. सावली कुठे पडते, शेजाऱ्याच्या बाहीवर किती अंधार येतो, हे त्यावरून कळायचं. बाजूला माणूस आला की आपण थोडे आकसतो, ते आकसणं फोटोत दिसलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. लोकांना आधी हसू यायचं. मग त्या मोकळ्या जागेकडे बघून घरातलं कुणीतरी डोळे पुसायचं, आणि फोटो हातात पडला की तेच माणूस चार घरी सांगत सुटायचं. नाव होतं ते असं, दुसऱ्यांच्या तोंडून.

थोरला भाऊ गेला तेव्हा मास्तरांचं नाव चांगलं रुजलं होतं. थोरला दुसऱ्या शहरात नोकरी करायचा. बोलका, हसरा, खोलीत शिरला की खोली त्याची व्हायची. कामावर असतानाच त्याच्या छातीत कळ आली. वहिनी तेव्हा मुलीला घेऊन माहेरी गेली होती, तिला पोचायला वेळ लागणार होता, म्हणून मास्तर एकटेच पुढे गेले. दवाखान्यात त्यांना एका थंड खोलीत नेलं आणि ओळख पटवायला सांगितलं. मास्तरांनी बघितलं. मनात पहिला विचार आला तो असा, की प्रकाश डावीकडून येतोय. दुसरा विचार आलाच नाही. त्यांनी मान हलवली, सह्या केल्या, फोन केले, गाडी ठरवली.

धाकट्यानं किती धीरानं घेतलं, असं सगळे म्हणाले. धीराचा काही संबंध नव्हता. दाताचा डॉक्टर सुई देतो तेव्हा गाल आपला वाटत नाही, तसं मास्तरांना अंगभर झालं होतं, आणि त्या सुईचा अंमल काही उतरेना. ते जेवत होते, झोपत होते, गिऱ्हाइकांशी ठरलेले विनोद करत होते. बायकोनं एकदा विचारलं, बरं वाटत नाही का. बरंच वाटत होतं. वाईट म्हणावं असं काहीच वाटत नव्हतं.

आईला सांगितलं होतं, नाही असं नाही. आईचं चालणं बंद झालं होतं आणि विसरणं सुरू झालं होतं. बातमी ऐकून ती दिवसभर रडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठून म्हणाली, थोरल्याचा बऱ्याच दिवसांत फोन नाही. मास्तरांच्या बायकोनं जवळ बसून तिला पुन्हा सांगितलं. पुन्हा तेवढंच रडणं, तसंच छाती पिटणं, जसं काही पहिल्यांदाच कानावर पडत होतं. तिसऱ्या वेळी बायकोचा जीव होईना. भाऊजी कामात आहेत, असं ती म्हणून गेली. आईला ते लगेच पटलं, कारण थोरला जन्मभर कामातच असायचा. तेव्हापासून घरात हेच उत्तर ठरलं.

एरवी आईचं छान चाललं होतं. दुपारी तिला अल्बम लागायचे. लग्नाचे अल्बम बांधायचं काम मास्तरांची बायको घरीच करायची, आणि प्रत्येक अल्बम गिऱ्हाइकाच्या हाती जाण्याआधी आईच्या मांडीवर जायचा. आई एकेक पान उलटायची आणि कुणाकुणाला नावं ठेवायची. हिची सासू बघितलीस, आत्तापासूनच कपाळाला आठी. हा मुलगा काही सुधारायचा नाही, हनुवटीच सांगते. ज्यांना तिनं कधी पाहिलेलं नव्हतं अशा माणसांच्या घरातली भांडणं ती बसल्या जागी लावायची आणि मिटवायची. बायको समोर बसून चिकटवणं-कापणं करत हुंकार भरायची.

थोरल्याच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मास्तर म्हणाले, इकडेच करू. हॉल त्यांच्या ओळखीचा होता, चार गल्ल्या सोडून. आईला तिथे नेण्यात अर्थ नव्हता, गर्दी पाहिली की ती घाबरीघुबरी व्हायची. लग्नाच्या आदल्या दिवशी पुतणी दुकानात आली. काचेतले फोटो बघत ती बराच वेळ उभी राहिली, आणि मग म्हणाली की काका, सगळ्यांच्या बाबांना आणता, माझ्या बाबांनाही आणा. वहिनीनं थोरल्याचा राखाडी कोट बॅगेतून आणलाच होता. दोघींचं आधीच बोलणं झालेलं दिसत होतं.

हॉलमध्ये नवरी आणि वहिनी यांच्यामध्ये मास्तरांनी जागा सोडायला लावली. कोट घालून त्या जागी ते स्वतः उभे राहिले. दोघा भावांची अंगकाठी एक, कोट शिवून घेतल्यासारखा बसला. कॅमेरा वेळ लावून ठेवला होता. मास्तरांनी एक हात पुतणीच्या खांद्यावर ठेवला. ती थरथरत होती. खांद्याचं ते थरथरणं मास्तरांच्या हाताला कळलं, हाताच्या वर काही पोचलं नाही. पलीकडे वहिनी समोर बघत उभी होती, आणि ती थोडी आकसली होती. मास्तरांनी मनात म्हटलं, हे छान आलं.

चेहरा त्यांनी एका जुन्या सहलीच्या फोटोतून घेतला. त्यात थोरला कुणाच्या तरी विनोदाला हसत होता आणि प्रकाश हवा होता तसाच होता. काम संपल्यावर मास्तर स्क्रीनसमोर बसून राहिले. थोरला मुलीच्या लग्नात उभा होता, पोटभर हसत होता, मुलीच्या खांद्यावर त्याचा हात होता. असं काम त्यांच्या हातून आजवर झालं नव्हतं, हे त्यांना समजत होतं. पुतणी फोटो बघून रडली, वहिनीनं तो छातीशी धरला. सगळ्यांच्या संमतीनं मोठा करून तो दुकानाच्या काचेत लागला.

त्या फोटोनं मास्तरांचं नाव आसपासच्या गावांतही नेलं. येणारेजाणारे काचेशी थांबायचे आणि यातला आणलेला कोण, यावर पैजा लावायचे. बहुतेक जण नवऱ्या मुलाकडे बोट दाखवायचे. लांबलांबून माणसं पाकिटात जपलेले फोटो घेऊन येऊ लागली. एके दिवशी मोठ्या स्टुडिओचा मालक स्वतः आला, नाक काचेला टेकेपर्यंत वाकून त्यानं फोटो बघितला, आणि आत येऊन म्हणाला, हात टेकले बुवा तुमच्यापुढे. इतकी वर्षं मास्तर हे ऐकायला कान लावून बसले होते. त्यांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला, आणि आपल्याला काहीच कसं होत नाही याचं त्यांना थोडं नवल वाटलं. मग तेही ओसरलं.

आता यापुढे झालं ते फक्त फोटोवाल्याच्या घरातच होऊ शकतं. लग्नाचा अल्बम तयार झाला, आणि बायकोनं तो रोजच्या सवयीनं आईच्या मांडीवर ठेवला. हात कामाला लागलेले, डोकं दुसरीकडे. तिच्या लक्षात आलं तोवर आईनं ते पान उघडलं होतं आणि त्यावर बोट ठेवलं होतं.

"आला होता की," आई म्हणाली.

एवढंच. मग तिनं अल्बम मिटला आणि पुढची पानं बघायची नाहीत म्हणून सांगितलं. संध्याकाळी मास्तर घरी आले तर बायको दारातच उभी, तिनं झालेलं सांगितलं. ते आईच्या खोलीत गेले. आई भिंतीला टेकून बसली होती आणि तिनं त्यांच्याकडे बघितलं नाही.

"एवढ्या लांबून मुलीच्या लग्नाला आला," ती म्हणाली. "चार गल्ल्यांवर घर आहे. आईला तोंड दाखवायला वेळ नाही झाला त्याला?"

मास्तर म्हणाले की घाई होती, लगेच निघावं लागलं.

"तू होतास ना तिथं? फोटो तूच काढलास ना?"

"हो."

"मग हाताला धरून आणता नाही आलं तुला?"

मास्तरांनी तिच्या पायांवर पांघरूण ओढलं आणि ते बाहेर आले.

घरातल्यांना वाटलं, सकाळपर्यंत विसरेल. जी बाई दुपारी जेवलेलं संध्याकाळी विसरायची, ती हे विसरली नाही. अल्बम लपवून ठेवला तरी ती विसरली नाही. आनंदाचं तिला काही आठवायचं नाही, पण हा अपमान तिच्या आत नीट जाऊन बसला होता. तिनं अल्बम मागणं बंद केलं. तोंड भिंतीकडे करून पडून राहू लागली. ताट जसं जायचं तसं परत यायचं, फार तर दोन घास कमी होऊन. मुलाला मी नकोशी झाले, असं ती बायकोला एकदा म्हणाली, आणि ते तक्रारीच्या सुरात नव्हतं, एखादी गोष्ट ठरून गेल्यासारखं होतं. डॉक्टर आले, त्यांनी तपासलं आणि बाहेर येऊन सांगितलं की आजार काही नाही, त्यांना खायचंच नाहीये. असंच चाललं तर फार दिवस काढणार नाहीत.

वहिनीचा फोन आला, पुतणीचा आला, सगळ्यांनी मिळून खल केला. खरं सांगून टाकावं, असं मास्तरांच्या बायकोला वाटायचं, आणि लगेच भीतीही वाटायची. एवढ्या अशक्त जिवाला ते रडणं सोसायचं नाही. शेवटी पुतणीनंच तोड काढली. काका, अजून एक फोटो करा. बाबा आजीच्या उशाशी बसलेत, आजी झोपली आहे. म्हणायचं, लग्नानंतर येऊन गेले, तुम्ही गाढ झोपला होतात म्हणून उठवलं नाही. सगळ्यांना ते एकदम पसंत पडलं. मास्तरांच्या तर डाव्या हातचा मळ. मास्तर हो म्हणाले. वर्षभर ते सगळ्यालाच हो म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी उन्हं खिडकीतून पलंगावर आली तेव्हा आई झोपली होती. मास्तरांनी पायथ्याशी कॅमेरा उभा केला. थोड्या थोड्या वेळानं आपणहून फोटो निघत राहतील अशी व्यवस्था केली, राखाडी कोट अंगात घातला आणि उशाशी खुर्ची ओढून बसले. आईच्या हातावर त्यांनी हात ठेवला. हात हलका झाला होता, नुसती कातडी आणि शिरा. कॅमेऱ्याचा खटका वाजला. हनुवटी थोडी खाली हवी, असं मनाशी म्हणून मास्तरांनी ती खाली घेतली.

खटक्यानं की कशानं, आईनं डोळे उघडले.

तिला आधी कोट दिसला. तिची बोटं बाहीवरून फिरली, कापड चाचपून बघू लागली, मनगटाच्या बटणापाशी थांबली. आता ती म्हणेल, आलास का रे, असं मास्तरांना वाटलं. ती तसं म्हणाली असती तर ते हो म्हणाले असते. त्यांची तयारी झाली होती, आणि इतक्या सहज झाली होती याचंही त्यांना काही वाटलं नाही. तेवढ्यात आईनं नजर वर केली आणि त्यांचा चेहरा नीट बघितला.

"त्याचा कोट तू का घातलास?"

मास्तरांचा दुसरा हात कोटाच्या वरच्या बटणाकडे गेला.

"त्याला चालत नाही," आई म्हणाली. "लहानपणी त्याचा सदरा घातलास तर केवढं मारलं होतं त्यानं तुला. विचारलंस का त्याला?"

कोट इथेच विसरून गेला, असं म्हणता आलं असतं. जिभेवर वाक्य तयार होतं. आईची बोटं अजून त्या बटणावर होती.

"नाही विचारलं," मास्तर म्हणाले. "तो गेला, आई. वर्ष झालं."

हे वाक्य वर्षभरात सगळ्यांनी म्हणून झालं होतं, वहिनीनं, बायकोनं, शेजाऱ्यांनी, दुकानात चौकशी करणाऱ्यांनी. मास्तरांनी ते एकदाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी दवाखान्यातून केलेल्या फोनवरसुद्धा त्यांनी, लवकर निघा, एवढंच सांगितलं होतं. पायथ्याशी कॅमेरा पुन्हा खटकन वाजला.

आई त्यांच्याकडे बघत राहिली. "मग लग्नात?"

"तो नव्हता. मी उभा राहिलो होतो, त्याचा कोट घालून. चेहरा नंतर लावला मी."

"म्हणजे तो आलाच नव्हता."

"नाही."

"मला न भेटता नाही गेला तो."

"नाही, आई. त्यानं असं केलं असतं का कधी."

मास्तरांनी जन्मभर माणसांचे चेहरे बघितले होते, पण असा चेहरा बघितला नव्हता. आधी आईच्या कपाळावरची आठी सुटली. मुलगा आपल्याला टाळून गेला नव्हता, हे तिला पोचलं, आणि तिनं मोठा श्वास सोडला, चांगली बातमी ऐकल्यासारखा. मग दुसरी बातमी पोचली. ती रडू लागली, पण आधी रडली होती तशी नाही. आवाज न करता, डोळे उघडे ठेवून रडत राहिली. मास्तर शेजारी बसून होते.

बऱ्याच वेळानं तिनं पदरानं तोंड पुसलं आणि कसं झालं ते विचारलं. मास्तरांनी सांगितलं. कामावर झालं, फार त्रास झाला नाही, असं तिथले लोक म्हणाले. दवाखान्यातून आणायला मी गेलो होतो, एका खोलीत ठेवलं होतं त्याला, मला ओळखायला सांगितलं. ते सगळं ते एका सुरात सांगत होते, दुसऱ्याच कुणाच्या भावाचं सांगावं तसं.

"वहिनी होती तुझ्याबरोबर?"

"नाही. ती नंतर पोचली."

"मग कोण होतं?"

"कोणी नव्हतं."

आईनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. "एकटाच होतास?"

वर्षभरात हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मास्तरांना नुसतं हो म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं, आणि त्यातून जे बाहेर आलं तो शब्द नव्हता. ते मोठ्यानं, वेडंवाकडं, केस पांढरे झालेल्या माणसाला न शोभणारं रडू लागले. बायको धावत दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. आपला मुलगा गेल्याचं जिला आत्ता कुठे कळलं होतं, ती आई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन पाठीवरून हात फिरवत होती आणि चिडून कुणाला तरी विचारत होती, "एवढ्याशा पोराला एकट्याला कशाला पाठवलं रे तिथं?"